भुशातला पाव

संशोधकांनी खिशातून मूठभर पेलेट काढून जेवणाच्या टेबलावर ओतल्या, त्यातली एक उचलली आणि बायकोच्या कानाशी नेऊन मोडली. कट्‌ असा आवाज झाला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. आता ताटं मांडू का?"

"अगं, हा आवाज म्हणजे ओलावा अगदी बरोबर आहे. पुस्तकात लिहिलंय तसा. भुसा नुसता दाबला की झालं, असं लोकांना वाटतं. पण भुशाचं मन ओळखावं लागतं."

"घरातल्या माणसांचं ओळखलंत तरी पुष्कळ आहे," बायको म्हणाली आणि पेलेट हाताने गोळा करून तिने त्या शेगडीत टाकल्या.

संशोधक म्हणजे पाणीखात्यातले निवृत्त कारकून. गल्लीत त्यांना सगळेच संशोधक म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात असा त्यांचा समज होता. निवृत्त झाल्यावर मिळालेली सगळी पुंजी त्यांनी एका जुन्या यंत्रात घातली. वरून लाकडाचा भुसा टाकायचा, आतले रूळ तो दाबून छिद्रांच्या चकतीतून ढकलतात आणि खालून करंगळीएवढ्या घट्ट कांड्या पडतात. त्या पेलेट. थंडी कडक, गॅस महाग, आणि फर्निचरच्या कारखान्याबाहेर भुशाचे ढीग पडलेले. संशोधकांना यात भविष्य दिसत होतं. बायकोला मोटार बाहेर थंडीत कुडकुडत उभी दिसत होती, कारण गॅरेजमध्ये यंत्र होतं.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती आणि मोजून बोलायची. तिने एकदाच सांगितलं होतं, "हा हिवाळा तुमचा. वसंत आला आणि यातून काही उभं राहिलं नाही, तर यंत्र भंगारात, आणि तुम्ही माझ्या भावाच्या चपलांच्या दुकानात." मेहुणा चांगला माणूस होता. म्हणूनच संशोधकांना त्याची जास्त भीती वाटायची.

आणि अचानक दैव उघडलं. मेहुण्याच्याच ओळखीतले दातांचे डॉक्टर एका संध्याकाळी घरी आले, शेगडीपाशी तास-दीड तास बसले, हात शेकले आणि म्हणाले, "ऊब छान आहे हो. आणि वासही किती खमंग. माझ्या दवाखान्याची सगळी इमारत यावर तापवता येईल. मी पैसे घालायला तयार आहे, मोठं यंत्र घेऊ. फक्त एकदा माझ्यासमोर चालवून दाखवा. रविवारी येतो."

पेलेटला खमंग वास का येतो, याचं कारण संशोधकांनी 'लाकडातली नैसर्गिक राळ' असं दिलं. खरं कारण स्वयंपाकघरात बसून वाती वळत होतं.

संशोधकांची आई मृदू बोलणारी, देवाधर्माची बाई. तिचे नेम ठरलेले. सकाळी जप, दुपारी वाचन, आणि रविवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. या सगळ्याहून मोठा नेम एकच, तो म्हणजे अन्न कचऱ्यात टाकायचं नाही. पावाच्या कडक कडा उरल्या की ती त्या एका डब्यात साठवायची. पूर्वी पक्ष्यांना घालायची, पण या थंडीत पक्षीही उडून गेलेले. डबा भरत चालला आणि आईच्या जिवाला घोर लागला. मग तिच्या मनात आलं, कचऱ्यात गेलं तर पाप, पण अग्नीच्या मुखी गेलं तर ते अर्पणच की. घरात कुणी नसलं की ती कडा मिक्सरमध्ये दळायची, गॅरेजमध्ये जाऊन भुशाच्या पोत्यात मिसळायची आणि हात जोडून परत यायची. मुलाला तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने ओलाव्यावर व्याख्यान दिलं असतं, आणि ते तिने दोनदा ऐकलं होतं.

गुरुवारी भुसा आणायला गेलेले संशोधक लवकर घरी आले, तर आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पोत्यात.

"आई, हे काय करतेस?"

"काही नाही रे. भुसा जरा वरखाली करत होते."

"भुशात हात घालू नकोस. हाताचा ओलावा लागतो त्याला."

"माझे हात कोरडे आहेत."

"ते तुला वाटतं. हाताला कळत नसतं आई, मीटरला कळतं. रविवारी इतका मोठा माणूस येतोय, आणि तू..."

आईने हात झटकले, आत गेली आणि लहानशी पिशवी भरून बाहेर आली. "मी चार दिवस लेकीकडे राहते," ती शांतपणे म्हणाली. "तिथे माझ्या हातांना कुणी मीटर लावत नाही."

लेक राहायची गावाच्या दुसऱ्या टोकाला. आई बसने गेली. संशोधकांनी नवीन भुशाचं पोतं उघडलं आणि मनातल्या मनात म्हटलं, आता काम शिस्तीत होईल.

शुक्रवारी सकाळी यंत्रातून पेलेट पडल्या. दिसायला नेहमीसारख्या, पण संशोधकांनी कानाशी नेऊन मोडायला एक उचलली तर चिमटीतच तिचा भुसा झाला. दुसरी उचलली, तिचाही तसाच. त्यांनी तिसरी उचलली नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं, तरी ती फुटली.

"ओलावा जास्त झालाय," त्यांनी निदान केलं.

भुसा वाळवायला उन्हाचं नाव नव्हतं. म्हणून तो झोपायच्या खोलीत चादरीवर पसरण्यात आला आणि त्यावर बायकोचं केस वाळवायचं यंत्र धरण्यात आलं. बायको कामावरून आली तेव्हा चादर स्वच्छ होती. भुसा पडद्यांवर, कंगव्यात, घड्याळाच्या काचेवर आणि उशांच्या आत होता.

"वाळला का?" तिने विचारलं.

"वाळला."

"मग आता गोळा करा. तुम्हाला त्याचं मन कळतं, हाक मारलीत तर येईल."

वाळलेल्या भुशाच्या तर पेलेट झाल्याच नाहीत. जसा आत गेला तसा बाहेर आला. तेव्हा संशोधकांच्या लक्षात आलं की ओलावा कमी झालाय. त्यांनी किटलीने वाफ दिली, वाफेने भागेना म्हणून थेट पाणी दिलं. यंत्राने घशात घास अडकल्यासारखा आवाज काढला, जागेवरच थरथरलं आणि गॅरेजच्या दाराकडे वीतभर सरकलं. आता त्यालाही घर सोडावंसं वाटू लागलं होतं.

शनिवारी मेहुणा निरोप घेऊन आला. नवा काळा ओव्हरकोट घालून तो शेगडीपुढे उभा राहिला. संशोधकांनी शेगडीत नुकत्याच त्या ठिसूळ पेलेट भरल्या होत्या. शेगडीला आतून पंखा असतो, तो हवा देतो. पंख्याला पेलेट सापडल्या नाहीत, पीठ सापडलं. शेगडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा मनापासून शिंकली, आणि मेहुण्याचा कोट छातीपासून गुडघ्यापर्यंत पिवळा झाला.

मेहुणा शांतपणे कोट झटकत म्हणाला, "डॉक्टर उद्या दुपारी नक्की येतायत. मीच घेऊन येतो. पण भावोजी, काळजी करू नका. काहीही झालं तरी दुकानात खुर्ची पुसून ठेवलीय."

"माझ्यासाठी?"

"गिऱ्हाइकासाठी. तुमच्यासाठी तिच्या पुढ्यात स्टूल आहे, बुटकं. पायाशी बसायला सोपं पडतं."

संशोधकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी बायकोने टेबलावर बोट फिरवून भुशाची रेघ काढली आणि ती विचारात पडली. "एक सांगा. गुरुवारपर्यंत सगळं ठीक होतं ना?"

"उत्तम होतं."

"आणि गुरुवारी आई गेल्या. त्या पोत्यात काय करायच्या?"

"हात घालायची."

"नुसता?"

संशोधकांनी बहिणीला फोन लावला.

"आईला दे जरा."

"देते, पण आज रविवार. ती बोलायची नाही."

संशोधकांनी कपाळावर हात मारला. "बरं, मी विचारतो, तू ती काय करते ते बघून सांग. आई, तू भुशात काही घालायचीस का?"

"ती छताकडे बघतेय," बहीण म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे प्रश्न ऐकू आलाय."

"आई, मी रागावणार नाही. पीठ घालायचीस का?"

"मान हलवली."

"हो म्हणून की नाही म्हणून?"

"आधी आडवी हलवली, मग जराशी उभी."

"मला एक काहीतरी सांग."

"दादा, तिने जे हलवलं ते मी सांगितलं. तुझ्यापेक्षा तिची मान मला जास्त कळते असं नाही. आता ती हात जोडतेय."

"कुणाला?"

"वर बघून. तुझ्यासाठी असणार. हे बघ, मी तिलाच घेऊन येते. बस मिळेल तशी पोचू."

तेवढ्यावर बायकोने ठरवलं की पीठच. वेळ थोडा होता. तिने डब्यातलं चांगलं पांढरंशुभ्र पीठ परातभर भुशात ओतलं, संशोधकांनी कोमट पाणी घातलं आणि यंत्र सुरू केलं. या वेळी ते गुरगुरलं नाही, लाडाने घुं घुं करत चाललं. खालून पेलेट निघाली. निघाली आणि तुटेचना. हातभर झाली, दोन हात झाली, जमिनीवर वेटोळं घालून बसली. तिच्या शेजारी दुसरी आली, मग सगळ्या छिद्रांतून एकदम. संशोधक कात्री घेऊन धावले. एका बाजूने कापेपर्यंत दुसऱ्या बाजूने त्या मऊ दोऱ्या त्यांच्या बुटांवर चढल्या. मग चकतीतलं पीठ गरम होऊन घट्ट बसलं, यंत्र बंद पडलं, आणि गॅरेजचं दार उघडून मेहुणा म्हणाला, "या डॉक्टर, हा आमच्या भावोजींचा कारखाना."

डॉक्टरांनी दोऱ्यांकडे बघितलं. कात्रीकडे बघितलं. "ही नवीन पद्धत आहे का?"

"प्रयोग चालू आहे," संशोधक म्हणाले. त्यांचा आवाज आत्ताच दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसला होता.

डॉक्टर चकतीपाशी वाकले. छिद्रन्‌ छिद्र बुजलेलं. त्यांनी नकळत खिशातून दात तपासायचा बारीक आकडा काढला, कोट उतरवून मेहुण्याच्या हातात दिला आणि एक छिद्र कोरायला घेतलं. "माफ करा, पण असं भरलेलं दिसलं की मला राहवत नाही," ते म्हणाले. "जरा उजेड इकडे धरता का?" संशोधकांनी दिवा धरला. डॉक्टर एकेक छिद्र साफ करत पुढे सरकत होते आणि सवयीने म्हणत होते, "झालंच. आता थोडंसंच. दुखत नाही ना?"

एवढ्यात बहीण आईला घेऊन आली. आईने आधी मुलाचा चेहरा बघितला, मग रिकामा पिठाचा डबा बघितला, आणि चांगल्या पिठाच्या दोऱ्या जमिनीवर लोळताना बघून तिचे डोळे भरून आले.

"आई, रागावू नकोस," संशोधक म्हणाले. "मीच चुकलो. पण तू काय घालायचीस तेवढं खुणेनं सांग. नाहीतर डॉक्टर जातील, आणि उद्यापासून मी बूट चढवायला."

अन्नाची गोष्ट परक्या माणसासमोर उघडी करायची आईला लाज वाटत होती. ती खाली बघत राहिली.

तेव्हा डॉक्टर हात पुसत पुढे आले. "तुम्ही सगळे बाजूला व्हा," ते म्हणाले. "आजी बोलत नाहीत म्हणून घाबरू नका. माझ्याकडे दिवसभर येणाऱ्या माणसांना बोलताच येत नाही, तोंड उघडं असतं. मला सगळं कळतं. सांगा आजी, काय होतंय?"

आईने मान वर केली. डॉक्टरांकडे बघितलं. क्षणभर विचार केला, आणि मग उजव्या गालावर तळवा टेकून डोळे मिटले.

"झोपवायचं," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मिश्रण झाकून, उबेला ठेवायचं. पुढे?"

आईने डोळे उघडले, मान हलवली आणि तोंड उघडून आत बोट दाखवलं.

"खाण्याचा पदार्थ आहे."

आईने दात एकमेकांवर आपटून दाखवले आणि चेहरा वाकडा केला.

"पण कडक. चावत नाही असा."

आईने चिमटीने हवेतच कुणाला तरी चिमटा काढला.

"थोडासाच. चिमटीचिमटीने."

आईने मूठ वळून हात गोल फिरवला आणि भुवया उंचावल्या.

"दळून घालायचा. कळलं." डॉक्टर विजयाने वळले. "खाण्याचं, कडक, चावत नाही असं काहीतरी दळून, थोडं थोडं मिसळून, झाकून उबेला ठेवायचं. इतकं स्वच्छ सांगणारा माणूस मी बघितला नाही."

आई अवाक होऊन त्यांच्याकडे बघत होती. पण बायको तोपर्यंत स्वयंपाकघरात पोचली होती. कडक, चावत नाही असं या घरात एकच. मसाल्यांच्या मागे, कपाटाच्या तळाशी तिला डबा सापडला. आत पावाच्या वाळलेल्या कडा, नीट रचलेल्या, वरून स्वच्छ फडकं घातलेलं.

कडा दळल्या. भुशात मिसळल्या. परात झाकून शेगडीपाशी ठेवली आणि तेवढ्यात सगळ्यांनी चहा घेतला. मग यंत्र सुरू झालं. पहिली पेलेट पडली. डॉक्टरांनी ती उचलली, नखाने टकटक वाजवली, उजेडात धरून फिरवली.

"दातांवर असं एनॅमल मला रोज बघायला मिळालं असतं तर मी दवाखाना बंद केला असता," ते म्हणाले. "ठरलं. आपण भागीदार."

संशोधकांनी दुसरी पेलेट कानाशी नेऊन मोडली. कट्‌ असा आवाज झाला. मेहुण्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि स्टूल फुकट गेल्याची किंचित हळहळ.

बोलणी होता होता दिवेलागण झाली. आईने देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला आणि बैठकीच्या खोलीत येऊन डॉक्टरांसमोर बसली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "उजवीकडची शेवटची दाढ आहे. केव्हाची दाखवतेय तुम्हाला."

"दाढ?" डॉक्टर म्हणाले.

"गालाला हात लावला की जरा बरं वाटतं. कडक काही चावलं की ठणकतं. अगदी चिमटा काढल्यासारखं."

"आणि ते... दळायचं?"

"काढावी लागेल का, असं विचारत होते."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, मग पुन्हा उचलला, तो रिकामा होता. "आजी, इतकी वर्षं मी हाच धंदा करतोय," ते म्हणाले, "आणि तुम्ही तोंड उघडून बोट दाखवलंत, तरी मला पेलेट दिसल्या."

"पण आई," संशोधक म्हणाले, "मग तो पाव?"

आई ओशाळली. "तो माझाच. तुम्ही सगळे कडा खाता. मला चावत नाहीत म्हणून मधलं तेवढं खायची. उरलेलं टाकवेना. अग्नीला दिलं."

बायकोने हळूच नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे आपला कारखाना आईंच्या दाढेवर चाललाय."

हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं. दाढ बरी झाली की आई कडा खाणार. आई कडा खाऊ लागली की डबा रिकामा, आणि डबा रिकामा झाला की पेलेटचा भुसा. संशोधकांनी आईकडे बघितलं, यंत्राच्या दिशेने बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. हिशेब करायला त्यांना वेळ लागला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

"डॉक्टर, दाढ उद्याच बघा," ते म्हणाले. "यंत्राचं काय ते होईल."

आईने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. तो कोरडा होता की ओला, हे या वेळी त्यांनी बघितलं नाही.

डॉक्टरांनी सोमवारी दाढ भरली, भागीदाराची आई म्हणून पैसे घेतले नाहीत, आणि जाताना सांगितलं, "कच्च्या मालाची जबाबदारी माझी." संशोधकांना त्याचा अर्थ आठवड्याभरात कळला. गॅरेजपुढे माणसं पिशव्या घेऊन यायला लागली. कुणाचा दात भरलेला, कुणाची कवळी नवी, कुणाच्या दातांना नुसतंच गार लागत होतं. सगळ्यांना डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितलं होतं, पावाच्या कडा खायच्या नाहीत, कापून गॅरेजमध्ये द्यायच्या. मोठं यंत्र आलं. दवाखान्याची इमारत गरम झाली आणि जिन्यात सकाळपासून भाजक्या पावाचा वास दरवळू लागला, त्यामुळे पेशंट भुकेले यायचे आणि पथ्य ऐकून आणखी दुःखी होऊन जायचे.

एका संध्याकाळी मेहुणा आला. काळा ओव्हरकोट त्याने आता दूरच, फाटकापाशी काढून ठेवला होता. हातात कडांची पिशवी.

"तुम्हालाही पथ्य?" संशोधकांनी विचारलं. "दाताला काय झालं?"

"काही झालेलं नाही. मी नुसते साफ करून घ्यायला गेलो होतो. माझे दात ठणठणीत आहेत, हे मला माहीत आहे आणि डॉक्टरांनाही माहीत आहे."

"मग सांगायचं ना त्यांना तसं."

मेहुण्याने पिशवी यंत्राशेजारी ठेवली. "भावोजी," तो म्हणाला, "तोंड उघडं ठेवून वाद घालता येत असता, तर घातला असता."